संगणकयुगातील भांडागारिक

आपल्या विद्यालयाच्या स्नेहमेळाव्यात माजी विद्यार्थी आपला परिचय देतात, तेव्हा शिक्षक, परिचारिका, बँक अधिकारी, अभियंता हे शब्द उपस्थित पालकांना लगेच उमगतात. अलीकडे मात्र एक वेगळे उत्तर वारंवार ऐकू येते : "मिहानमध्ये आहे, सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे." खापरीजवळच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या कंपन्या आहेत, गायत्रीनगरला आयटी पार्क आहे, तेथे आपली मुले काम करतात याचा आनंद साऱ्यांनाच होतो. परंतु पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे नेमके काय करतोस?" आणि मुलगा संकोचून म्हणतो, "कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटते. एवढे शिकून यंत्रे सांभाळायची?

या निराशेला उत्तर देण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे, तंत्रज्ञ नव्हे. पण याच क्षेत्रात वीस-वीस वर्षे घालविलेल्या माजी विद्यार्थ्यांशी अनेकदा बोलल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानी आली : हे काम मुळात यंत्राचे नाही. ते विश्वस्ताचे काम आहे, आणि आपल्या परंपरेत त्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेले आहे.

टंकलेखन यंत्र आणि संगणक

नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात परमपूज्य बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. त्यांत एक टंकलेखन यंत्रही आहे. त्या काळच्या कार्यालयात अशा यंत्राची देखभाल म्हणजे फीत बदलणे, धूळ झाडणे आणि अधूनमधून तेल घालणे एवढीच होती. यंत्र बिघडले तरी टंकलिखित कागद फाइलमध्ये सुखरूप असे, त्याची कार्बन प्रत दुसऱ्या फाइलमध्ये असे. आणि एका टेबलावरचे यंत्र बिघडल्यामुळे शेजारच्या टेबलावरचे यंत्र कधी बिघडत नसे.

संगणकाने या तिन्ही गोष्टी बदलल्या. काम आणि यंत्र एकत्र झाले. यंत्र गेले की कामही जाते. प्रत आपोआप राहीनाशी झाली. ती ठेवावी लागते. आणि सर्व यंत्रे एकमेकांशी जोडली गेल्याने एकाचा दोष काही मिनिटांत सर्वांपर्यंत पोहोचू लागला. कार्यालयात पाच संगणक असोत वा पाच हजार, त्यांचा सांभाळ हे स्वतंत्र कौशल्य झाले ते या तीन कारणांमुळे.

विनयातील एक नेमणूक

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांविषयीचा एक खंड आहे. भिक्खूंना दान मिळालेली वस्त्रे मंडपात, झाडाखाली, मिळेल तेथे ठेवली जात. उंदीर आणि वाळवी ती खात. म्हणून भगवंतांनी भांडागाराची, म्हणजे कोठाराची अनुज्ञा दिली. पण कोठार झाले तरी वस्त्रे असुरक्षितच राहिली, कारण त्यांची जबाबदारी कोणावर नव्हती. तेव्हा संघाने भांडागारिक नेमावा, असे ठरले. ही नेमणूक कोणा एकाच्या मर्जीने होत नसे; संघापुढे रीतसर प्रस्ताव मांडून, संघाच्या संमतीने होत असे. संघाच्या या संसदीय कार्यपद्धतीचा उल्लेख बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात आवर्जून केला होता.

भांडागारिकाच्या अंगी पाच गुण असावेत, असे विनय सांगतो. तो छंदाने म्हणजे पक्षपाताने वागणारा नसावा, द्वेषाने नसावा, मोहाने म्हणजे अज्ञानाने नसावा, भयाने नसावा. आणि काय सुरक्षित आहे, काय असुरक्षित आहे, हे त्याला ठाऊक असावे. आजच्या कार्यालयात संगणकांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची पात्रता लिहायची झाली, तर यात फारशी भर घालावी लागणार नाही. तिचा शेवटचा गुण पहिल्याने पाहू.

काय आहे, हे ठाऊक असणे

अनुभवी प्रशासक नव्या कार्यालयात रुजू झाला की आधी नोंदवही मागतो. प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, हमीची मुदत, तो कोणाच्या ताब्यात आहे, कोणत्या खोलीत आहे, त्यावर कोणती प्रणाली व कोणते परवाने आहेत, हे सारे तीत असते. जे नोंदीत नाही त्याचे रक्षण होऊ शकत नाही. चोरीला गेलेला लॅपटॉप कोणता होता हेच सांगता न येणारी कार्यालये आजही कमी नाहीत.

नोंदीनंतर येते मांडणी. पन्नास नवे संगणक आले, तर पन्नास वेळा हाताने प्रणाली बसवणे हे नवख्याचे काम. अनुभवी माणूस एक नमुना संगणक तयार करतो. त्यावर आवश्यक तेवढीच सॉफ्टवेअरे, मराठी युनिकोड कळफलक, प्रिंटर आणि सुरक्षेच्या सेटिंग असतात. तो नीट तपासून त्याची हुबेहूब प्रतिमा उरलेल्या यंत्रांवर उतरवली जाते. क्लोनझिलासारखी मोफत साधने यासाठी उपलब्ध आहेत. मोठ्या कंपन्यांत तर आता कारखान्यातून निघालेला लॅपटॉप थेट कर्मचाऱ्याच्या घरी जातो. त्याने आपल्या खात्याने प्रवेश केला की कंपनीचे नियम आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून आपोआप येऊन बसतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ज्यांची अशी तयारी होती त्यांना घरून काम सुरू करणे सोपे गेले.

एकसारखेपणाचा हा आग्रह कंटाळवाणा वाटेल. पण सारी यंत्रे एकसारखी असली म्हणजे एकाचा दोष शोधला की सर्वांचा उपाय सापडतो.

अधिकाराची मर्यादा

संगणकात दोन प्रकारची खाती असतात. साध्या खात्याने लिहिता येते, छापता येते, आपले काम करता येते. प्रशासकाच्या खात्याने मात्र काहीही बदलता येते आणि काहीही पुसता येते. अननुभवी कार्यालयात सर्वांनाच प्रशासकाचे अधिकार दिलेले असतात, कारण त्यामुळे 'अडत नाही'. अनुभवी माणूस ते काढून घेतो, आणि सर्वांत आधी स्वतःचे काढतो. रोजच्या कामासाठी तोही साधेच खाते वापरतो. गरज पडेल तेव्हाच, तेवढ्यापुरतेच, दुसऱ्या खात्याने आत जातो.

ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार, हे तत्त्व आपल्याला नवे वाटू नये. संविधानाने प्रत्येक पदाचे अधिकार लिहून मर्यादित केले, ते पदावरील माणूस वाईट असेल म्हणून नव्हे, तर चांगल्या माणसाच्या हातूनही अमर्याद अधिकाराने अनर्थ घडू शकतो म्हणून.

असा अनर्थ आपल्या महाराष्ट्राने पाहिला आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे त्यात सापडले आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनमध्ये सुरू झालेला दोष रायगड जिल्ह्यातील कंटेनरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचला. तो एवढा पसरला कसा? त्याचे एक कारण असे, की तो संगणकाच्या स्मृतीतून प्रशासकाचे पासवर्ड चोरत असे आणि त्या अधिकाराने पुढच्या यंत्रात शिरत असे. ज्या संगणकांना सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली होती, तेही त्यामुळे वाचले नाहीत. मर्स्कला पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जाळ्यातील सर्व खात्यांची मध्यवर्ती नोंद जगभर पुसली गेली होती. तिची एकच प्रत घानामधील कार्यालयात वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. एवढ्या बलाढ्य कंपनीची पुनर्बांधणी वीजपुरवठ्याच्या खंडामुळे शक्य झाली, हे विसरण्यासारखे नाही.

बदल कसा करावा

प्रणालीतील दोष सापडतात तसतशा कंपन्या दुरुस्त्या पाठवतात. त्या लावल्या नाहीत तर काय होते? १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एका दोषाची दुरुस्ती दिली होती. १२ मे २०१७ रोजी त्याच दोषातून 'वॉनाक्राय' जगभर शिरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दोन महिने हाती होते, ते वापरले गेले नाहीत.

मग दुरुस्ती आली की लगेच सर्वांना लावावी? १९ जुलै २०२४ ला याचेही उत्तर मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती सोपी होती, पण बहुतेक ठिकाणी ती एकेका यंत्रापाशी बसून करावी लागली. आणि ज्यांची डिस्क कूटबद्ध होती त्यांना त्या त्या यंत्राची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली हवी होती. ज्यांच्याकडे किल्ल्यांची नोंद व्यवस्थित होती त्यांचे काम लवकर सुरू झाले. पुन्हा नोंदवहीच!

या दोन घटना परस्परविरोधी वाटतात, पण अनुभवी माणूस त्यांतून एकच रीत घेतो. दुरुस्ती आधी स्वतःच्या आणि चार-पाच जणांच्या यंत्रांवर लावावी, एक-दोन दिवस पाहावे, मग एका विभागाला द्यावी, मग सर्वांना. घाई नको, तशी दिरंगाईही नको. बुद्धांनी अंतिम क्षणी ज्या अप्रमादाचा उपदेश केला, तो येथे इतका साधा आहे : रोज थोडे पाहणे, आणि पाहिलेले लिहून ठेवणे.

आपल्या दप्तराचा प्रश्न

एखाद्याला वाटेल, हे मोठ्या कंपन्यांचे विषय आहेत, आपल्या शाळेला त्यांचे काय? म्हणून आता घरचा विचार करू.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेत मी पाहिलेला प्रसंग आहे. जून महिना, प्रवेशाची गर्दी, आणि लिपिकाच्या संगणकाची डिस्क बंद पडली. प्रत आहे का, तर बाहेरची डिस्क होती. पण तिच्यातली शेवटची प्रत दोन वर्षांपूर्वीची निघाली. ईमेल खात्यात काही याद्या असाव्यात, तर त्याचा पासवर्ड पूर्वी तेथे काम करणाऱ्या एका तरुणाकडे होता आणि तो नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला. त्याचा दोष नव्हता. त्याच्याकडून कोणी काही लिहून घेतलेच नव्हते. पुढचे दोन आठवडे तीन माणसे जुन्या कागदांवरून माहिती पुन्हा टंकत होती, आणि दाखल्यासाठी आलेले पालक रजा टाकून परत जात होते.

आपल्या समाजासाठी ही केवळ गैरसोय नसते. अनुसूचित जातीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक आहे. वाडवडिलांच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधताना बहुतेक कुटुंबे शेवटी एखाद्या जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरापाशी येऊन थांबतात. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने लागू झाल्या, त्यामुळे धर्माच्या व जातीच्या रकान्यात नेमके काय लिहिले आहे, याला अधिकच महत्त्व आले. ज्यांच्या आजोबांकडे सातबारा नव्हता, ज्यांच्या घरी जुने दस्तऐवज नव्हते, त्यांचा इतिहास शाळेच्या एका ओळीत असतो. ती ओळ गेली तर मुलाचा प्रवेश जाऊ शकतो, नोकरी जाऊ शकते.

ही जुनी रजिस्टरे आता स्कॅन होऊन संगणकात येत आहेत. 'सरल' आणि 'यू-डायस प्लस' यांसाठीची माहिती संगणकावरूनच भरली जाते. ज्या कोठारात ही ओळ ठेवली आहे, त्याच्या उंदीर-वाळवीचा विचार आपण केला पाहिजे. जाणकारांचा नियम सोपा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर. बाहेरची डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवू नये. शिरलेला प्रोग्राम तीही खातो. आणि दर तीन महिन्यांनी प्रतीमधून एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती केवळ आशा असते. मूळ कागदी रजिस्टर तर कधीही टाकून देऊ नये.

जुने यंत्र आणि आनंदाची वस्त्रे

मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० ला असलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तारीख नागपूरकरांच्या लक्षात राहील अशीच आहे. विंडोज ११ साठी संगणकात विशिष्ट सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून चालू स्थितीतले असंख्य संगणक त्यास अपात्र ठरले. ते सारे भंगारात काढायचे का?

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाने विचारले, एवढ्यांचे काय कराल? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. जीर्ण चीवरांचे? त्यांची पांघरुणे करू. मग त्यांचे गादीचे अभ्रे, त्यांची जमिनीवरची बैठक, मग पायपुसणी, मग फडकी. आणि शेवटी तुकडे करून चिखलात मळून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले.

संगणकाच्या सांभाळाचाही हाच क्रम असतो. हिशेबाच्या आणि इंटरनेटच्या कामातून निवृत्त झालेल्या यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली टाकली की ते वाचनालयात किंवा संगणक कक्षात आणखी काही वर्षे चालते. केरळच्या शासकीय शाळांनी मुक्त प्रणालींचाच मार्ग धरला आहे. त्यानंतर सुटे भाग कामी येतात. अगदी शेवटी डिस्क पूर्ण पुसून, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्चक्रकाकडे द्यायचे. न पुसलेली डिस्क भंगारवाल्याला देणे म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर रस्त्यावर ठेवणे होय.

चार दोष आणि एक मान

आता विनयातील उरलेल्या चार गुणांकडे पुन्हा पाहा. नवा लॅपटॉप गरज असलेल्याला न देता मर्जीतल्याला देणे हा छंद. हाती असलेल्या अधिकाराने सहकाऱ्याची पत्रे वाचणे किंवा नावडत्या माणसाची तक्रार मुद्दाम रखडवणे हा द्वेष. न समजता सॉफ्टवेअर बसवणे हा मोह. आणि साहेबांनी नियमाला अपवाद मागितला म्हणून मान डोलावणे, किंवा आपल्या हातून झालेली चूक लपवणे, हे भय. देशाच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. घाबरून चूक लपवणारा माणूस तेथे संस्थेला अधिकच गोत्यात आणतो. तंत्र दोन वर्षांत शिकता येते. या चार गोष्टींपासून दूर राहायला जो काळ लागतो, त्यालाच या व्यवसायात अनुभव म्हणतात.

बाबासाहेबांनी १९३६ साली श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला भेद दाखवून दिला. आपल्या देशात सांभाळाचे, दुरुस्तीचे, साफसफाईचे काम करणाऱ्याला खाली बसवण्याची सवय फार जुनी आहे. सारे सुरळीत चालते तेव्हा त्याचे नाव कोणी घेत नाही. बिघडते तेव्हा मात्र त्यालाच बोलावतात. "कॉम्प्युटर सांभाळतो" हे ऐकून आपल्याच चेहऱ्यावर निराशा येत असेल, तर ती सवय आपल्यातही शिल्लक आहे, असे समजावे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन विनंत्या. या क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन रविवार आपल्या गावच्या किंवा समाजाच्या एखाद्या शाळेला, विहाराला, वाचनालयाला द्यावेत. नवे काही विकत न घेता तेथील यंत्रांची नोंदवही करावी, प्रती घ्याव्यात, त्या उघडून दाखवाव्यात आणि सारी रीत मराठीत लिहून ठेवावी. आणि संस्थाचालकांनी संगणकाची किल्ली 'त्या एका मुलाकडे' न ठेवता भांडागारिकाची रीतसर नेमणूक करावी : बैठकीत ठराव करून, कामाची यादी देऊन, योग्य मानधनासह. पासवर्डांचा सीलबंद लिफाफा तिजोरीत असावा, आणि माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावेत.

पुढच्या मेळाव्यात एखादी मुलगी किंवा मुलगा म्हणेल, "मी कार्यालयाचे संगणक सांभाळते, सांभाळतो." तेव्हा पालकांनी पुढचा प्रश्न अवश्य विचारावा : काय सुरक्षित आहे, आणि काय नाही? ज्याला याचे उत्तर देता येते, त्याच्या हाती शाळेच्या रजिस्टरातील आपल्या आजोबांची ओळ निर्धास्तपणे सोपवता येईल.